आरसीसीबी काढावासा वाटणार नाही असा डीबी: गावाकडच्या घरासाठी

गावाकडच्या घराचा डीबी (घरभर वीज वाटणारा डबा) उघडला की पुष्कळदा एकच चित्र दिसतं. आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारं उपकरण) जागेवर असतो, पण मेनची वायर त्याला वळसा घालून थेट एमसीबींकडे (जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की वीज तोडणाऱ्या स्विचांकडे) गेलेली असते. कारण ठरलेलं: "पावसाळ्यात सारखा पडायचा", आपोआप बंद व्हायचा. म्हणजे जमीन ओली, भिंती ओल्या, माणसं अनवाणी, अशा नेमक्या दिवसांत घरातलं जीव वाचवणारं उपकरण बंद. यात वायरमनला किंवा घरच्यांना बोल लावून काही हाती लागत नाही. गोठ्यातल्या एका ओल्या होल्डरमुळे रात्री अकराला सगळं घर अंधारात जात असेल, तर कोणीही बायपासच करेल. डीबीची आखणीच अशी हवी की आरसीसीबी काढायची गरज कोणाला वाटू नये.

एमसीबी माणसाला का वाचवत नाही

"एमसीबी बसवलेत, आता शॉक बसणार नाही" हा समज फार पक्का आहे. तो का चुकीचा, ते आकड्यांनी बघू.

गावात खांबावरून घरात दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग आपलं आपण करायचं, अंगणात रॉड किंवा पाइप पुरून. समजा आपल्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा ५ ओहम. गिझरची कॉइल फुटून फेज बॉडीला लागला, तर करंट जाणार फेजमधून बॉडीला, तिथून आपल्या रॉडला, मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे. २३० भागिले २५ म्हणजे ९.२ अँपिअर. गिझरचा एमसीबी २० अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने हा करंट म्हणजे नेहमीचा लोड, तो तासन्तास पडणार नाही. सी प्रकारचा (मोटारीसारख्या, सुरू होताना जास्त करंट ओढणाऱ्या लोडसाठीचा) १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात नक्की पडायला १६० अँपिअर लागतात. तेवढा करंट मातीतून जायला सगळ्या मार्गाचा रोध दीड ओहमच्या आत हवा. घरच्या एका रॉडने ते होत नाही, मुरमात किंवा कातळात तर नाहीच.

पुढची गोष्ट जास्त भीतीदायक आहे. त्या ९.२ अँपिअरने आपल्या २० ओहमच्या रॉडवर १८४ व्होल्ट उभे राहतात. घरातली सगळी अर्थ वायर एकमेकांना जोडलेली असल्याने फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सरचं स्टँड, सगळ्या धातूच्या बॉडीवर ते १८४ व्होल्ट येतात. दोष गिझरमध्ये आणि शॉक फ्रिजला. वर मीटर तासाला दोन युनिटने पळतं, दिवसाला पन्नास युनिट. "बिल अचानक वाढलं आणि फ्रिजला झिणझिण्या येतात" अशी जोडतक्रार असेल तर आधी हेच तपासा.

हेच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसोबत बघा. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट मोजतो, फरक ३० मिलिअँपिअर होईपर्यंत (प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान) पडतो, आणि मोठ्या गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत. बॉडीवरचा व्होल्टेज ५० च्या आत राहायला त्याला १,६०० ओहमपर्यंतचं अर्थिंगसुद्धा चालतं. म्हणजे कोकणातल्या जांभ्यावर अर्थिंग ८० ओहमच्या खाली येत नसेल, तरी आरसीसीबी असेल तर घर सुरक्षित. तो नसेल तर १० ओहमचं उत्तम अर्थिंगही पुरत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा दिली आहे. दुकानात १०० किंवा ३०० चा "कमी वेळा पडतो" म्हणून दिला तर घेऊ नका. तो आगीपासून थोडंफार राखतो, माणसाला राखत नाही.

अर्थिंग चांगलं नाही म्हणून काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकडा जोडतात. हे कधीही करू नका. न्यूट्रल कुठेही सुटला की घरातली प्रत्येक धातूची बॉडी थेट फेजवर जाते. न्यूट्रल नसताना फेज आणि अर्थिंगच्या रॉडवर बल्ब पेटवण्याची युक्तीही तितकीच घातक. रॉडभोवतीच्या ओल्या मातीत व्होल्टेज पसरतो, आणि चार पाय लांब ठेवून उभं असलेलं जनावर त्यात आधी सापडतं.

कोरडं वेगळं, ओलं वेगळं

पावसाळ्यात आरसीसीबी पडतो तो बहुतेक वेळा खोटा पडत नाही. खरी गळती असते, फक्त ती अशा जागी असते जिचा घरातल्या उजेडाशी संबंध नसतो: बोअरच्या मोटारीच्या केबलचा पाण्यातला जॉइंट, गोठ्यातला उघडा होल्डर, ओल धरलेली गिझरची कॉइल, अंगणातल्या दिव्याची टेपने गुंडाळलेली जोड. यातलं एक बिघडलं म्हणून पंखा, फ्रिज आणि मुलांच्या अभ्यासाचा दिवा बंद पडता कामा नये. त्यासाठी एकाऐवजी तीन आरसीसीबी, आणि तेही एकमेकांच्या शेजारी. एकामागे एक लावले तर दोन्ही ३० चे असताना कोणता आधी पडेल याचा भरवसा नसतो.

चार खोल्या, बाहेर न्हाणी, एक घोड्याची बोअरची मोटार आणि गोठा असलेल्या घरासाठी वाटणी अशी ठेवावी.

पहिला गट घरातला उजेड: दिवे-पंख्यांची दोन सर्किटं, ६ अँपिअरचे एमसीबी, १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर. एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट, त्याहून जास्त नको. त्याच गटात टीव्ही-मोबाइलच्या साध्या सॉकेटचं एक सर्किट, १० अँपिअर. दिव्यांची दोन सर्किटं अशी वाटा की प्रत्येक खोलीत दोन्हींचा निदान एकेक दिवा पोचेल.

दुसरा गट घरातली कोरडी उपकरणं: फ्रिज एकट्याचा, १० अँपिअर. स्वयंपाकघराचे दोन १६ अँपिअरचे सॉकेट एका १६ च्या एमसीबीवर, इस्त्री आणि घरघंटीसाठी दुसरा १६ चा. सगळीकडे २.५ स्क्वेअर एमएम.

तिसरा गट ओलं आणि बाहेरचं: गिझर (२० अँपिअर, ४ स्क्वेअर एमएम), वॉशिंग मशीन (१६), मोटार (सी प्रकारचा १६), गोठा (१६). या चौघांना डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी घ्या. गावात त्याचं खास कारण आहे. वादळात तार तुटली, खांबावर पुन्हा जोडणी झाली की फेज-न्यूट्रल कधीकधी उलट जोडले जातात. मग सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडतो आणि गिझरमध्ये फेज तसाच राहतो. एमसीबी पाडून मोटारीच्या जोडणीला हात लावणाऱ्याचा जीव यात जाऊ शकतो. डबल पोलमध्ये ही भीती उरत नाही. आरसीसीबीही उलट जोडणीत आपलं काम करतो. लाइनवर काम झालं की दर वेळी मेनच्या टर्मिनलला टेस्टर लावून फेज कुठे आहे ते बघायची सवय मात्र ठेवा.

गोठा किंवा बोअर लांब असेल तर वायरचा हिशोब करा. ४० मीटरवरची एक घोड्याची मोटार चालू असताना ७ अँपिअर घेते, सुरू होताना सहापट, म्हणजे ४२ च्या आसपास. २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीवर जाऊन-येऊन ८० मीटरमध्ये तेव्हा २५ व्होल्ट पडतात. संध्याकाळी घरातच १९० व्होल्ट असतील तर मोटारीला १६५ मिळतात. ती नुसती गुरगुरते, एमसीबी तापून पडतो, आणि लोक एमसीबी बदलून २५ चा किंवा ३२ चा बसवतात. चूक वायरची, शिक्षा एमसीबीला, आणि आता वायर जळेपर्यंत काहीच पडणार नाही. ४ स्क्वेअर एमएम टाकली की तोच फरक १५-१६ व्होल्टवर येतो. आणि मोटारीचं संरक्षण हे एमसीबीचं काम नाहीच. ते स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं, तो मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावायचा.

गोठ्याबद्दल आणखी एक. माणसाला बाधत नाही इतका कमी व्होल्टेजही गुरांना बाधतो, कारण ओल्या जमिनीवर उघडे खूर आणि पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर मोठं. पत्रा, लोखंडी खांब, दावणीचा पाइप, कडबाकुट्टीची बॉडी हे सगळं एकमेकांना जाड जीआय तारेने बांधून अर्थला जोडा. कपडे वाळत घालायची तार पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधू नका. तिथे नायलॉनची दोरी लावा.

डीबीत काय आणि कुठे

आता मॉड्यूल मोजू. एक मॉड्यूल म्हणजे साधारण १८ मिलिमीटर रुंदी. डबल पोल मेन २, सर्ज अरेस्टरचा (लाइनवरून येणारा विजेचा झटका अर्थकडे वळवणारं उपकरण) एमसीबी १, सर्ज अरेस्टर २, व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज फार वाढला-घटला की वीज तोडणारा) २, म्हणजे वरच्या ओळीत ७. मधल्या ओळीत पहिला आणि दुसरा गट: दोन आरसीसीबींचे ४ आणि एमसीबी ६, एकूण १०. खालच्या ओळीत तिसरा गट: २ आणि ८, पुन्हा १०. एकूण २७. बारा-बाराच्या तीन ओळींचा ३६ मॉड्यूलचा डबा घ्या. नऊ जागा रिकाम्या राहतात त्या वाया जात नाहीत. दोन वर्षांनी सोलर येईल, कोणी एसी लावेल, आणि तेव्हा जागा नाही म्हणून एकाच एमसीबीच्या टर्मिनलमध्ये दोन वायरी कोंबल्या जाणार नाहीत. डबा खरेदी करताना "८ वे", "१२ वे" या आकड्यांत मेनच्या जागा धरल्या आहेत की नाहीत ते मोजून बघा. काही ठिकाणी २+८ ला आठ म्हणतात, काही ठिकाणी एकूण आठाला.

पैसे कमी असतील तर काय वगळायचं? तीन आरसीसीबींऐवजी दोन करा, कोरडा आणि ओला. त्याखाली येऊ नका. सर्ज अरेस्टर पुढच्या वर्षी बसवला तरी चालेल, त्याची जागा आत्ताच सोडा.

मेनचा आकार सर्व्हिस वायरवर (खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर) ठरतो. ४ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर असेल तर २५ अँपिअरच्या वर जाऊ नका. मोठी असेल तर ३२. आरसीसीबी मात्र ४० अँपिअरचे घ्या. आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून त्याचा आकडा त्याच्या आधीच्या एमसीबीपेक्षा मोठा हवा.

आरसीसीबी निवडताना दोन गोष्टी विचारा. पहिली, एसी प्रकार आहे की ए. एलईडी, इन्व्हर्टर फ्रिज आणि नवीन वॉशिंग मशीनच्या गळतीत डीसीचे तुकडे असतात, ते एसी प्रकाराला नीट कळत नाहीत. ए प्रकार थोडा महाग, पण तोच घ्या. दुसरी, तो चालायला स्वतःला वीज लागते का. काही स्वस्त उपकरणं इलेक्ट्रॉनिक असतात. न्यूट्रल तुटला की ती निकामी होतात, आणि फेज घरात तसाच असतो. जिथे न्यूट्रल तुटणं नवलाचं नाही तिथे असं उपकरण नकोच. एमसीबी-आरसीसीबीवर आयएसआय मार्क आणि लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. तालुक्याच्या बाजारात नामांकित ब्रँडची नक्कल सर्रास विकली जाते, म्हणून ही दोन मिनिटं घालवाच.

न्यूट्रल पट्ट्या तीन. प्रत्येक आरसीसीबीची आपली वेगळी, अंतर सोडून बसवलेली, आणि वर गटाचा आकडा रंगवलेला. मी डीबीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग निवडायचा झाला तर हाच निवडेन, कारण "आरसीसीबी उगाच पडतो" या तक्रारीचं नेहमीचं मूळ इथे असतं. दुसऱ्या गटाच्या एमसीबीवरून गेलेल्या वायरीचा न्यूट्रल पहिल्या पट्टीवर आला की दोन्ही आरसीसीबींना गळती दिसते आणि उपकरण लावताक्षणी दोन्ही पडतात. पुढे कोणीतरी सगळे न्यूट्रल एकाच पट्टीवर आणून "दुरुस्ती" करतो, तरीही ते पडतात, मग बायपास होतो. प्रत्येक न्यूट्रल वायरला तिच्या एमसीबीचाच नंबर द्या, नंबरची रिंग घाला आणि पट्टीवर त्याच क्रमाने कसा.

मेनच्या बाजूचे धोके: न्यूट्रल तुटणं आणि वीज पडणं

ट्रान्सफॉर्मरपासून येणाऱ्या लाइनवर न्यूट्रल सुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांच्या लोडवर टांगली जातात. कमी लोडच्या घरात ३०० च्या वर व्होल्ट येतात, जास्त लोडच्या घरात ८०-१००. वाडीतले टीव्ही एकदम जळतात ते यामुळे. एमसीबीला हे कळत नाही, आरसीसीबीलाही नाही. त्यासाठी मेननंतर लगेच ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. वरची मर्यादा २७० आणि खालची १७० ठेवा. परत जोडण्याची वेळ किमान ३ मिनिटं, म्हणजे फ्रिजच्या कॉम्प्रेसरला दम घेता येतो. खालची मर्यादा २०० ठेवली तर ज्या गावात संध्याकाळी १८५ व्होल्टच असतात तिथे घर रोज अंधारात जाईल, आणि हेही उपकरण बायपास होईल.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात लाइनवरून येणाऱ्या झटक्यांसाठी टाइप २ सर्ज अरेस्टर. २७५ व्होल्टचा घेऊ नका. न्यूट्रल सुटला की तो स्वतःच जळतो. ३२० किंवा ३८५ चा घ्या. आपलं अर्थिंग स्वतःचं असल्याने एक अधिक एक जोडणीचा हवा: फेज ते न्यूट्रल एक भाग, न्यूट्रल ते अर्थ दुसरा. तो आरसीसीबीच्या आधी बसतो. त्याला जाणारी आणि त्याच्यातून अर्थ पट्टीकडे येणारी वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, वेटोळं न करता. लांब वायरीत झटक्याचा व्होल्टेज तसाच उरतो, मग अरेस्टर असून नसल्यासारखा. खिडकी हिरवीची लाल झाली की कार्ट्रिज बदला.

मीटरच्या आधीच्या सर्व्हिस वायरला यातलं कोणतंच उपकरण वाचवू शकत नाही. ती पत्र्यावरून घासत गेली असेल, पावसात इन्सुलेशन गेलं असेल, तर पूर्ण पत्रा आणि त्याला बांधलेली तार फेजवर जाते, आणि डीबीतलं काहीही पडत नाही. सर्व्हिस वायर पत्र्यापासून वर उचलून उभ्या पाइपातून उतरवलेली हवी, बेअरर तारेला मध्ये इन्सुलेटर हवा. हे काम आपण करायचं नाही, १९१२ वर तक्रार नोंदवून करून घ्यायचं.

अर्थिंग

नेहमीचा मार्ग म्हणजे ४० मिलिमीटरचा अडीच मीटर जीआय पाइप, कोळसा-मीठ, वर पाणी घालायचं फनेल. तो चालतो, पण मिठाने पाइप काही वर्षांत गंजतो आणि खाली काय उरलंय ते दिसत नाही. तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) जास्त टिकतं. काळी माती ओली असताना छान असते, पण उन्हाळ्यात भेगा पडून रॉडपासून सुटते, म्हणून मोजमाप पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात घ्यायचं. खाली कातळ लागला तर तेवढ्यावर न थांबता दुसरा रॉड पुरा, पहिल्यापासून रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे सहा मीटरवर. जवळ ठोकलेले दोन रॉड एकासारखेच वागतात. न्हाणीचं पाणी जिथे जिरतं ती जागा चांगली.

फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून "लख्ख पेटला, अर्थिंग एक नंबर" म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. त्या बल्बचा रोध ५२९ ओहम. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी त्याला २१० व्होल्ट मिळतात आणि तो लख्खच पेटतो. तीन खुंट्यांच्या अर्थ टेस्टरनेच मोजा आणि आकडा तारखेसह डीबीच्या दारावर लिहा.

जागा आणि जोड

डीबी आतल्या कोरड्या भिंतीवर, मधली ओळ साधारण दीड मीटरवर, घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही हात वर करून मेन पाडता येईल अशी. न्हाणीशी सामाईक भिंत नको, शेगडीच्या किंवा मोरीच्या वर नको. मातीच्या भिंतीत खोबण करून डबा बसवू नका, ओल आणि वाळवी दोन्ही आत येतात. बाहेरून बसणारा धातूचा डबा, मागे स्पेसरवर एक सेंटिमीटर उचललेला. पत्र्याच्या लगत, उंचावर लावलेला डीबी मे महिन्यात उगाच पडतो. एमसीबीचं माप ३० अंश तापमानाला ठरवलेलं असतं, ५० अंशांत तो लवकर पडतो.

न वापरलेलं प्रत्येक भोक ग्रोमेटने (रबरी बूच) बंद करा आणि वायरी ग्लँडमधून (वायर घट्ट धरणारी चकती) आत घ्या. पाल बसबारवर (एमसीबींना फेज देणारी तांब्याची पट्टी) चिकटून मेली की ओळच्या ओळ जाते, मुंगळे टर्मिनलमध्ये घर करतात, कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते आणि ते ओलं झालं की वीज वाहून नेतं.

आग लागते ती बहुधा ढिल्या स्क्रूमुळे. मल्टिस्ट्रँड (अनेक पदरांच्या) वायरला पिन लग (टोकावर बसणारी धातूची टोपी) दाबूनच टर्मिनलमध्ये घाला. स्क्रूखाली मोकळे पदर पसरतात, पहिल्या उन्हाळ्यात ढिले होतात आणि तिथे ठिणगी सुरू होते. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याच्या वायरीला पिळून जोडू नका. बायमेटल लग वापरा, नाहीतर दोन धातूंच्या जोडीवर थर चढून तो तापतो. एमसीबींना फेज देताना वायरीचे तुकडे लूप करण्यापेक्षा त्याच कंपनीचा कंगवा बसबार घ्या. सगळे एमसीबी एकाच कंपनीचे, आणि ती कंपनी तालुक्याच्या दुकानात मिळणारी असावी. पुण्याहून मागवावं लागणारं उपकरण जळलं की त्याच्या जागी वायरीचा तुकडाच येतो.

इन्व्हर्टर असेल तर

वरच्या ओळीत डबल पोल १६ चा एक एमसीबी घ्या, त्यातून इन्व्हर्टरला मेन द्या, आणि इन्व्हर्टरचं आउटपुट, फेज आणि न्यूट्रल दोन्ही, पहिल्या गटाच्या आरसीसीबीत आणा. म्हणजे पहिला गट पूर्ण इन्व्हर्टरवर आणि त्याची न्यूट्रल पट्टी इतरांपासून तशीच वेगळी. बरेच जण फक्त फेज फिरवतात आणि न्यूट्रल जिथल्या तिथे ठेवतात. मग लाइट गेली-आली की आरसीसीबी पडतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. डीबीच्या दारावर लाल अक्षरांत लिहा: मेन बंद असली तरी आत इन्व्हर्टरची वीज आहे.

वर्षाचं काम

महिन्यातून एकदा तिन्ही आरसीसीबींचं टेस्ट बटण दाबा. न पडणारा आरसीसीबी त्याच दिवशी बदला. हे बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस येण्याआधी, परवानाधारक वायरमनकडून मेन बंद करून सगळे स्क्रू कसून घ्या, काळवंडलेलं इन्सुलेशन शोधा, अर्थिंग मोजा. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणारं उपकरण) प्रत्येक सर्किटची फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ इन्सुलेशन बघा, त्याआधी उपकरणं आणि सर्ज अरेस्टर सोडवा. १ मेगाओहमच्या खाली आलेलं सर्किट या पावसाळ्यात पडण्याची शक्यता मोठी, ते आधीच धरलेलं बरं. दिवाळीच्या साफसफाईत डीबीला ओलं फडकं लावायचं नाही.

दाराच्या आत दोन कागद लॅमिनेट करून चिकटवा. एकावर कोणता एमसीबी कशाचा ते मराठीत आणि घरात बोलतात त्याच शब्दांत: "माजघर", "न्हाणी", "गोठा", "बोअर". दुसऱ्यावर पुढचा मजकूर, मोठ्या अक्षरांत:

आरसीसीबी पडला तर त्याच्या ओळीतले त्या गटाचे सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. राहिला तर एमसीबी एकेक करून वर करा. ज्याच्यावर तो पडेल तो एमसीबी खाली ठेवा, बाकी चालू करा. त्या सर्किटवरचे प्लग काढून पुन्हा एकदा बघा. राहिला तर एखादं उपकरण बिघडलं आहे. नाही राहिला तर वायर किंवा होल्डर ओला आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या गटात सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी वर राहत नसेल, तर बहुधा कुठलातरी न्यूट्रल अर्थला लागला आहे. तिसऱ्या गटात डबल पोल एमसीबी न्यूट्रलही तोडतात, म्हणून तिथे दोष आरसीसीबीत किंवा डीबीतल्या जोडणीत आहे. तो गट बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा, त्याला सांगा की या गटाचे न्यूट्रल पट्टीवरून नंबरप्रमाणे एकेक सोडवून बघायचे आहेत. दोष सापडेपर्यंत आरसीसीबीला वळसा घालून वायर जोडायची नाही.